नववं नाव

“कुटुंबप्रमुखाचं नाव?” मी विचारलं.

सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी एकदम भिंतीकडच्या लोखंडी खाटेकडे पाहिलं. खाटेवर सत्तरीची एक व्यक्ती उशीला टेकून बसली होती. जांभळी इरकल, मेंदीने लाल झालेले केस, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डोळे उघडे होते, पण ते माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत होते. त्यांना दिसत नव्हतं हे मला थोड्या वेळाने कळलं.

“मैना,” त्या म्हणाल्या. “पुढे चांदणी लिहा. चांदणी माझी गुरू. आम्ही बापाचं नाव लावत नाही, गुरूचं लावतो.”

मी लिहिलं. फेब्रुवारी २०११ मधली ती दुपार. मी चाळीस वर्षांचा होतो. महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायचो, सकाळची शाळा सुटली की गळ्यात ओळखपत्र अडकवून जनगणनेला निघायचो. माझ्या वाट्याला भांडुपच्या डोंगरावरची वस्ती आली होती. दोन घरांच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल अशा पायऱ्या, पायाखालून जाणारे पाण्याचे पाइप, आणि वर वर चढत गेलेली पत्र्याची घरं. हे घर सगळ्यांत वरचं. माझ्याबरोबरचे एक शिक्षक मला आदल्या दिवशी म्हणाले होते, “धुरी, त्या हिजड्यांच्या घरी बसू नका. दारातूनच डोकी विचारा, नात्याच्या रकान्यात ‘असंबंधित’ लिहा आणि उतरा खाली.”

मीही तसंच ठरवून चढलो होतो. पण दारात पाऊल ठेवलं आणि थांबलो. सगळ्या जणी माझी वाट बघत बसल्या होत्या. नुसत्या बसल्या नव्हत्या, लग्नघरच्यासारख्या नटल्या होत्या. धुतलेले केस, अबोलीचे गजरे, घड्या मोडलेल्या साड्या. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. माझ्यासाठी एक खुर्ची, तिच्यावर धुतलेला टॉवेल. त्या वस्तीत पाच दिवस हिंडत होतो. माझ्यासाठी कोणी नटलं नव्हतं.

“या वेळी आमचा वेगळा आकडा आहे म्हणे,” पंचेचाळिशीची एक जण म्हणाली. हिचं नाव राधिका. खाटेवरच्या मैनाअम्मांची सगळ्यांत जुनी चेली, घराचा सगळा कारभार तिच्याकडे. “पेपरात वाचलं मी. पुरुषाला एक, बाईला दोन, आणि तीन म्हणजे इतर. खरं आहे का मास्तर?”

“खरं आहे.”

“मागच्या वेळी एक जण आले होते, त्यांनी आम्हाला सगळ्यांना पुरुष लिहिलं. त्याच्या आधी एक आले, ते खालच्या पायरीवरूनच ‘घर बंद’ लिहून गेले. आम्ही दारात उभ्या होतो.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. खाली पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं सांगितलं.

मी अम्मांच्या नावापुढच्या चौकटीत तीन लिहिलं. राधिका वाकून बघत होती. तिने मागे वळून बाकीच्यांना बोटं दाखवली, तीन. एकीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आता तुमचं. राधिका. कुटुंबप्रमुखाशी नातं?”

“चेला.”

माझं पेन थांबलं. “म्हणजे मुलगी लिहू का?”

“मुलगी नाही,” खाटेवरून अम्मा म्हणाल्या. “मुलगी लग्न होऊन जाते. चेला जात नाही.”

“मग... ज्यांचं एकमेकांशी नातं नसतं त्यांच्यासाठी आम्ही ‘असंबंधित’ लिहितो.”

“त्याचा अर्थ काय?”

मी चौथीच्या मुलांना शिकवणारा माणूस. शब्दाचा अर्थ विचारला की सांगायची सवय. म्हणालो, “संबंध नसलेले.”

राधिका उठली. कोनाड्यातली छोटी बाटली घेतली, अम्मांची हनुवटी वर केली आणि एकेका डोळ्यात एकेक थेंब टाकला. पदराच्या टोकाने ओघळ टिपला. अम्मांनी तोंड वर करून ते करू दिलं, लहान मूल करू देतं तसं. मला दाखवण्यासाठी ती उठली नव्हती. तीन वाजले होते आणि औषधाची वेळ झाली होती, एवढंच.

“सहा वर्षं झाली,” राधिका जागेवर बसत म्हणाली. “दिवसातून चार वेळा. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते.”

मी ‘चेला’ लिहिलं. पुढच्यांना विचारत गेलो तसतशी नात्याची आणखी नावं निघाली. चेल्याची चेली ती नातचेला. एका गुरूच्या दोघी त्या गुरुबहिणी. मी सगळं पूर्ण अक्षरांत लिहिलं. त्या कागदावर नातं पूर्ण लिहायचं अशी सूचनाच होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट पाळली.

जन्मगाव विचारलं तर एक कराडची, एक गुलबर्ग्याची, एक धुळ्याची, एक थेट कटकहून आलेली. गाव सोडण्याचं कारण या प्रश्नाला ठरावीक उत्तरं असतात: काम, शिक्षण, विवाह वगैरे. मी ती वाचून दाखवली.

“यातलं नाही,” राधिका म्हणाली. “वडिलांनी शेणाचा हात घेऊन उंबऱ्यावरची माझी पावलं पुसली. त्याला काय म्हणतात?”

“इतर,” मी म्हणालो.

“मग इतर लिहा.”

अम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “जगायला आले. तुमच्या यादीत आहे का बघा.”

मी त्यांच्यापुढेही ‘इतर’ लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, “मास्तर, गेलेल्यांना नाही लिहीत?”

“नाही अम्मा. जे हयात आहेत त्यांनाच.”

“मग लिहू नका. ऐका तरी.” आणि त्यांनी हात जोडले, मांडी सारखी केली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. चांदणीची गुरू शेवंता. शेवंताची गुरू मोतीजान. मोतीजानची गुरू हिराबाई, जी सोलापुराहून पायी मुंबईला आली. तिच्या वर आणखी तीन. सात पिढ्या. मधेच कोणाची गुरुबहीण प्लेगात गेली, कोणाचा आवाज असा होता की गल्लीतली भांडणं थांबायची. अम्मांचा आवाज चढला नाही की कापला नाही. नाव घेतलं की प्रत्येक वेळी सगळ्या जणी कपाळाला हात लावत होत्या. त्या पत्र्याखाली माझ्या अंगावर काटा आला. मला माझ्या पणजोबांचं नाव माहीत होतं. त्यांच्या वडिलांचं माहीत नव्हतं. आमच्याकडे सात-बारा होता, कुलदैवत होतं, घराला जोतं होतं, आणि मला चौथं नाव येत नव्हतं. इथे रक्ताचा एक थेंबही एकमेकींकडे न गेलेल्या माणसांनी दीडशे वर्षं एक घर चालू ठेवलं होतं, फक्त तोंडी.

मी पेन खाली ठेवून ऐकलं. मग पुन्हा कागदाकडे वळलो.

“एकूण किती जणी?”

“नऊ,” अम्मा म्हणाल्या.

मी मोजल्या. अम्मा धरून आठ.

राधिकाने आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे फुलांच्या छापाचा पडदा होता. “नववी आत आहे. येत नाही म्हणते. लहान आहे, एकोणीस वर्षांची. तीन महिने झाले येऊन.”

“तिला लिहायचं नाही का?”

“लिहायचं तर आहे,” अम्मा म्हणाल्या, “पण तिच्या मनाविरुद्ध नाही.”

पडद्याआडून आवाज आला. शिकलेला, थोडा घोगरा. “माझा भाऊ पोलिसात आहे. जालन्याला. मागे मी कल्याणला एका मैत्रिणीकडे होते, तिथून त्याने मला ओढत नेलं. दोन महिने गोठ्यात कोंडलं होतं. सरकारी कागदावर माझं नाव आणि हा पत्ता आला, तर त्याला कळायला किती वेळ लागेल?”

मी तिला समजावलं. या कागदावरची माहिती गुप्त असते, तसा कायदा आहे, पोलीस सोडा, कोर्टालाही ती मागता येत नाही. मी फोडली तर मला शिक्षा होते. सगळं खरंच होतं.

“कायदा तर ओढत नेण्याविरुद्धही आहे,” ती म्हणाली.

आठ लिहून मी उठलो असतो, तर मला कोणी जाब विचारला नसता. एक माणूस कमी झाल्याने एवढ्या मोठ्या देशाच्या बेरजेत काय फरक पडणार होता. पण मला उठवेना. अजून ती सात नावं कानात होती. वाटलं, सात पिढ्यांनी ओढून आणलेली ओळ आणि तिच्यातलं सगळ्यांत खालचं नाव मीच गाळून जायचं?

“मी तुला काय सांगू म्हणजे तुझा विश्वास बसेल?” मी विचारलं.

ती म्हणाली, “तुम्ही आमच्या सगळ्यांचं विचारलंत. गाव, वय, घर का सोडलं. तुमचं आम्हाला काहीच माहीत नाही. तुमच्या घरात कोण कोण असतं?”

“मी आणि माझा आतेभाऊ,” मी म्हणालो.

हे वाक्य मला पाठ होतं. शाळेत, सोसायटीत, गावाकडच्या लग्नकार्यात, घरमालकाला, डॉक्टरला मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला आता चवच उरली नव्हती. तीन दिवसांपूर्वी आमच्या विक्रोळीच्या इमारतीत जनगणनेच्या एक बाई आल्या, त्यांनाही मी हेच सांगितलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर लिहिलं. नातं: आतेभाऊ. मी स्वतः प्रगणक, दिवसभर लोकांना खरं सांगा म्हणून विनवणारा.

मला एकाएकी कळलं की खोलीतल्या आठही जणींना ते वाक्य खोटं आहे हे समजलंय. त्यांनी आयुष्यभर अशीच वाक्यं ऐकली होती आणि बोलली होती. कोणी मला पकडत नव्हतं. त्या फक्त थांबल्या होत्या.

“आतेभाऊ नाही,” मी म्हणालो. “मी आणि तो... आम्ही दोघं चौदा वर्षं एकत्र आहोत. नवरा-बायको असतात तसे. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. माझी आई गेली, तिलाही नाही.”

आता काय होईल ते मला माहीत नव्हतं. हसतील, टाळ्या पिटतील, कीव करतील, असं काहीतरी मनात आलं.

अम्मांनी विचारलं, “त्यांचं नाव काय?”

“जयवंत.”

“गाव?”

“वाशीम.”

“लांबचे आहेत. काय करतात?”

“मुलुंडला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करतो.”

“तब्येत बरी असते?”

“थंडीत दमा होतो थोडा.”

“आणि घरात जेवण कोण करतं?”

“तोच. मला नीट येत नाही.”

“हं,” अम्मा म्हणाल्या, जणू आता सगळं जागेवर बसलं.

मी चाळीस वर्षांचा माणूस, खुर्चीत बसून रडायला लागलो. चौदा वर्षांत कोणी मला जयवंतची तब्येत विचारली नव्हती. विचारणार कोण? आतेभावाची कोण विचारतं? माझ्या बहिणींच्या सासरी जे प्रश्न सुनेबद्दल, जावयाबद्दल सहज विचारले जातात, तेच हे प्रश्न होते. ते माझ्या वाट्याला कधी येतील असं मला वाटलंच नव्हतं. राधिकाने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली.

पडद्याच्या कड्या सरकल्या. एक उंच, सडपातळ मुलगी बाहेर आली. साधा पिवळा पंजाबी ड्रेस, केस अजून खांद्यापर्यंतही आले नव्हते, भुवईवर जुनी खूण. ती माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “लिहा.”

“नाव?”

“केतकी.” तिने अम्मांकडे पाहिलं. “अम्मांनी ठेवलं. मागच्या आठवड्यात. अजून कुठेच लिहिलेलं नाही.”

मी लिहिलं. चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहितो तसं, सावकाश, गोल अक्षरात.

“इथे काय लिहायचं?” मी चौकटीवर बोट ठेवलं. “तू सांगशील ते.”

“दोन,” ती म्हणाली. “मी बाई आहे.”

राधिकाच्या कपाळाला आठी पडली. “अगं, आपण सगळ्यांनी तीन सांगितलं. आपला आकडा आहे तो. एवढी वर्षं—”

“राधिके,” अम्मा म्हणाल्या, “आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून आपण रडलो ना? आता तिला विचारलंय तर ती सांगतेय. लिहा मास्तर.”

मी दोन लिहिलं. कुटुंबप्रमुखाशी नातं: नातचेला. केतकी राधिकाची चेली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि राधिकाची आठी का पडली तेही.

“एकदा वाचून दाखवता?” केतकीने विचारलं.

मी वाचलं. केतकी राधिका. वय एकोणीस. तिने आणखी एकदा वाचायला सांगितलं. मी आणखी एकदा वाचलं. अम्मा आधीची सात नावं घेत असताना सगळ्यांनी लावला होता तसा या वेळी कोणी कपाळाला हात लावला नाही, कारण ती जिवंत होती. राधिकाने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

मी कागद गोळा करून उठलो तेव्हा राधिका आतून स्टीलचा डबा घेऊन आली. फडक्यात घट्ट बांधलेला.

“नाही, नाही,” मी म्हणालो. “मोजणीला आलेल्या माणसाने काही घ्यायचं नसतं.”

“तुम्हाला कोण देतंय?” अम्मा खाटेवरून म्हणाल्या. “हे जयवंतरावांना आहे.”

डबा हातात घेऊन मी पायऱ्या उतरलो. ऊन अजून होतं. खालच्या नळावर बायका भांडत होत्या. सगळं होतं तसंच होतं आणि मला मात्र उतरताना प्रत्येक पायरी दिसत होती.

घरी आलो तेव्हा जयवंत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा भित्रा. आम्ही एकत्र राहायला लागलो तेव्हा त्यानेच दोन कॉट घ्यायला लावल्या होत्या, कोणी आलं तर दिसायला. ऐकता ऐकता त्याचे हात थांबले.

“माझं नाव सांगितलंस?”

“हो.”

“आडनाव?”

“नाही. गाव सांगितलं. आणि दमा.”

त्याने एक शर्ट उलगडून पुन्हा घडी घातली. तो रागावला की असाच गप्प होतो. मी समजलो की आता आठवडाभर बोलणं बंद.

“त्या काय म्हणाल्या?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“जेवण कोण करतं म्हणून विचारलं.”

“मग?”

“तू करतोस म्हणून सांगितलं. हे तुझ्यासाठी दिलंय. मला नाही.”

त्याने फडकं सोडलं. आत शेंगापोळ्या होत्या, सोलापूरकडे करतात तशा, खमंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या. एका कडेला कागदात बांधलेली शेंगांची चटणी. त्याने एक पोळी उचलली, बघितली, तुकडा मोडून खाल्ला. मग दुसरा. कॉटच्या कडेवर बसून त्याने पूर्ण पोळी संपवली. मला विचारलंही नाही.

“वेलची बेताची घातलीय,” तो म्हणाला. मग फडक्याची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “डबा परत द्यायला लागेल.”

“मी उद्या देऊन येईन.”

“रिकामा?” आता त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुला काही कळतं का विश्राम? कोणाच्या घरून आलेला डबा रिकामा देतात का?”

पुढच्या रविवारी सकाळी त्याने सांबारवड्या केल्या. त्याच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तीन जुड्या निवडायला मला बसवलं. त्या दिवशी दुपारी तो त्या पायऱ्या माझ्यापुढे चढत होता, मधे मधे दम घ्यायला थांबत होता, पण डबा माझ्याकडे देत नव्हता.

आमच्या घराचा कागद मी दुरुस्त करून घेतला नाही. मार्चच्या सुरुवातीला त्या बाई पुन्हा फेरीला आल्या होत्या, काही बदल आहे का विचारत. जयवंत दारात उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी नाही म्हणालो. तेवढं धैर्य त्या वर्षी आमच्यात नव्हतं. सरकारदरबारी त्या दशकात आम्ही आतेभाऊच राहिलो. केतकीचा भाऊ कधी आला नाही. तिने घर सोडताना अर्धवट राहिलेला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा पूर्ण केला, आता पुण्याला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढते. दिवाळीला आमच्याकडे येते.

पण मला आठवतो तो त्या रविवारचा क्षण. आम्ही उंबऱ्यात पोचलो तर अम्मा खाटेवर बसल्या होत्या. राधिकाने त्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांनी हात पुढे केले. जयवंत, जो चौदा वर्षांत माझ्याबरोबर रस्त्यावरून चालताना दोन हात अंतर ठेवून चालला होता, सरळ जाऊन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. अम्मांनी त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांनी हळूहळू चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी.

“बारीक आहेत हो,” त्या मला म्हणाल्या. “रांधणारा माणूस कधी पोटभर जेवत नाही. तुम्ही वाढत जा यांना.”

“वाढतो, अम्मा,” मी म्हणालो.

“नाही वाढत,” जयवंत म्हणाला.